जुन्या पिकअपचं हेड गॅस्केट घरी बदलताना : भंडाऱ्याकडून आलेल्यांसाठी

साकोली, लाखनी, तुमसर, पवनी भागातून येऊन अमेरिकेत स्थिरावलेल्या घरांशी बोलून ही माहिती जमवली आहे. नव्यानं येणारी मुलं बऱ्याचदा जुना पिकअप ट्रक घेतात. तो स्वस्त पडतो आणि सामान हलवायला बरा असतो. मग एक दिवस इंजिन तापतं आणि गॅरेजवाला हेड गॅस्केट गेल्याचं सांगतो. इथे मजुरी तासाला शंभर डॉलरच्या वर असते, त्यामुळे कामाचा अंदाज ट्रकच्या किमतीला जाऊन भिडतो.

असं झालं तर घाबरू नका, हे काम घरी होतं. मुंबई-कोलकाता हायवेच्या कडेला वाढलेल्या माणसानं टाटाच्या ट्रकचं हेड रस्त्याकडेला उघडलेलं पाहिलेलं असतं. गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना 1982 पासून आहे, तिथे गिअरबॉक्स बनतात. त्या परिसरातल्या कितीतरी घरांत पाना हातात घेणारं कोणी ना कोणी असतंच. ती नजर आणि तो धीर बरोबर आणा. तिकडच्या काही सवयी मात्र इथे नडतात.

आधी ट्रक कुठला ते बघा. पहिल्यांदाच हात घालणार असाल तर आमच्या मते टोयोटाचं चार सिलिंडरचं 22आरई इंजिन सगळ्यात सोयीचं. अमेरिकेत ते 1995 पर्यंतच्या पिकअपमध्ये येत होतं. भोवती हात घालायला जागा असते आणि पार्ट सहज मिळतात. त्याच काळातल्या टोयोटाच्या तीन लिटर व्ही-6 ला दोन हेड आणि टायमिंग बेल्ट आहे. त्याचं गॅस्केट इतक्या गाड्यांत गेलं की कंपनीनं स्वतः मोहीम काढून ते बदलून दिलं. फोर्डचं 2003 ते 2007 मधलं सहा लिटर डिझेल असेल तर घरी उघडूच नका. त्यासाठी बरेच मेकॅनिक अख्खी केबिन उचलतात.

उघडण्याआधी खात्री करा. पाणी कमी होतंय पण कुठे गळत नाही, धूर पांढरा आणि गोडसर वासाचा, गार इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये बुडबुडे : ही लक्षणं ओळखीची आहेत. पार्टच्या दुकानातून ब्लॉक टेस्टर आणा. त्यातलं निळं द्रव पिवळं पडलं तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय. ऑटोझोन, ओरायली अशी दुकानं डिपॉझिट घेऊन अवजारं वापरायला देतात आणि परत केल्यावर पैसे परत मिळतात. नव्या माणसाला हे कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

22आरईमध्ये एक फसवी गोष्ट आहे. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं तर गॅस्केटच गेलं असं धरू नका. टायमिंग चेनला आधार देणारे गाइड प्लास्टिकचे असतात. ड्रायव्हरच्या बाजूचा तुटला की सैल चेन पुढच्या कव्हरला घासत राहते आणि शेवटी त्यातून पाण्याच्या वाटेपर्यंत भोक पाडते. वॉल्व्ह कव्हर काढल्यावर टॉर्च मारून खाली बघा. गाइड तुटलेला दिसला तर चेन, गाइड आणि कव्हर बदलल्याशिवाय नवं गॅस्केट बसवून काही उपयोग नाही.

आता 22आरईचं मुख्य काम. इंजिन पूर्ण गार असू द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पेट्रोलच्या लाइनचं प्रेशर सोडा, कूलंट आणि ऑइल काढून घ्या. प्रत्येक होजला, प्रत्येक वायरला चिठ्ठी लावा आणि फोनवर फोटो काढा. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन अगदी वरच्या टोकाला (टीडीसीवर) आणून चेन स्प्रॉकेटला प्लास्टिकच्या पट्टीनं बांधून टाका, म्हणजे टायमिंग सुटत नाही.

यानंतर एका बोल्टकडे नीट लक्ष द्या. हेडच्या पुढच्या टोकाला, कॅमच्या स्प्रॉकेटसमोर ऑइलचं एक लहानसं डबकं साचलेलं असतं. त्याच्या तळाशी 12 मिलिमीटरच्या गोटी पान्याचा एक बोल्ट असतो. तो हेड आणि पुढचं कव्हर जोडतो, आणि ऑइल पुसल्याशिवाय दिसत नाही. तो राहून गेला की हेड हलत नाही, माणूस पहार लावून जोर करतो आणि कव्हर फुटतं. हेडचे दहा बोल्ट त्याच्यानंतर सोडायचे, टोकांकडून मध्याकडे, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे. हेच बोल्ट रॉकरही धरून ठेवतात, त्यामुळे रॉकरचा सांगाडाही त्यांच्याबरोबर मोकळा होतो.

हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. तापलं की वाकतं ते हेड, म्हणून ते मशीन शॉपमध्ये नेऊन सपाटी आणि तडे तपासून घ्या. हा खर्च वाचवू नका. ब्लॉकचा पृष्ठभाग प्लास्टिकच्या स्क्रेपरनं हळूहळू साफ करा. ड्रिलला घासणीची चकती लावून काम लवकर होतं, पण तिची बारीक भुकटी ऑइलमध्ये मिसळून बेअरिंग खाते. जनरल मोटर्सनं आपल्या मेकॅनिकना यासाठी खास सूचना काढली होती. बोल्टची भोकंही कोरडी करा. तळाशी ऑइल किंवा पाणी राहिलं तर टॉर्क खोटा लागतो.

तिकडे मिस्त्री गॅस्केटला शेलॅक लावतात. इथे नवं गॅस्केट कोरडंच बसवायचं. फक्त पुढच्या दोन कोपऱ्यांवर, ब्लॉक आणि कव्हर जिथे मिळतात तिथे, सिलंटचा ठिपका द्या. बोल्ट हाताच्या अंदाजानं आवळायची सवयही सोडा. मध्यापासून बाहेर, तीन फेऱ्यांत, शेवटी 58 फूट-पाउंड. न्यूटन-मीटरमध्ये तोच आकडा 78 होतो. फूट-पाउंडचा टॉर्क पाना 78 वर लावून कोणी बोल्ट ताणू नये, म्हणून दोन्ही आकडे दिले. काही इंजिनांचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, तेव्हा मॅन्युअल विकत घ्याच. टॅपेटची फट गरम इंजिनवर ठेवा : इनटेक 0.20, एक्झॉस्ट 0.30 मिलिमीटर.

भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये नुसतं पाणी चालून जातं. मिनेसोटात तेच पाणी गोठून ब्लॉक फोडतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरा, म्हणजे उणे 37 अंश सेल्सिअसपर्यंत भीती नाही. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि ट्रकचं नाक वर करा, म्हणजे आत अडकलेली हवा निघते. थोडं चालवून ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर सुरुवातीलाच भाडेकरार वाचा. पार्किंगमध्ये गाडी उघडायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते. अशा वेळी तुमच्या शहरातल्या मराठी मंडळात विचारा. स्वतःचं गॅरेज असलेलं आपल्याकडचं घर बहुतेक शहरांत सापडतं. काढलेलं कूलंट जमिनीवर किंवा गटारात ओतू नका. ते गोड लागतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात. लहान मुलांनाही त्याचा तेवढाच धोका आहे. झाकणाच्या डब्यात भरून काउंटीच्या घातक कचरा केंद्रात द्या. कूलंट न मिसळलेलं जुनं ऑइल पार्टची दुकानं बहुधा फुकट घेतात.