भटारखान्याचे दार

वाचन : मत्तय १८:१५-१७, गलती. २:११-१४, २ तीमथ्य ४:१-५

ब्रिटनच्या चॅनेल फोर या वाहिनीवर २००४ साली एक मालिका सुरू झाली. गॉर्डन रॅम्झी हा नामांकित आचारी डबघाईला आलेल्या एखाद्या उपाहारगृहात सुमारे आठवडाभर जातो व ते सावरण्याचा प्रयत्न करतो, असे तिचे स्वरूप. २००७ पासून तिची अमेरिकन आवृत्तीही निघाली. आपल्या घरांतील तरुण मंडळींनाही ती ठाऊक आहे. रॅम्झीची भाषा शिवराळ आहे, ती कुटुंबात बसून ऐकवत नाही. तरीपण तिच्यात मंडळीने विचार करावा असे काही आहे.

तो प्रथम गिऱ्हाईक होऊन मेजावर जेवतो. मग भटारखान्यात शिरून फ्रीज उघडतो. आत बुरशी धरलेली भाजी असते, शिजलेल्या अन्नाला लागूनच कच्चे मांस ठेवलेले असते. मालकाचे उत्तर बहुधा ठरलेले : गिऱ्हाइकांना चव कळत नाही, नोकर कामचुकार आहेत, दिवसच वाईट आहेत. २०१३ साली दाखवलेल्या एका भागात अ‍ॅरिझोनातील 'एमीज बेकिंग कंपनी'चे मालक काही केल्या ऐकेनात, तेव्हा रॅम्झी काम अर्धवट टाकून निघून गेला. ते उपाहारगृह २०१५ साली बंद झाले.

नव्या करारात दोष दाखवण्यासाठी 'एलेंखो' हे ग्रीक क्रियापद येते. मत्तय १८:१५ मध्ये तेच आहे, २ तीमथ्य ४:२ मध्ये तेच, आणि योहान १६:८ मध्ये पवित्र आत्म्याच्या कार्याविषयीही तेच. तेथे आपल्या मराठी शास्त्रात 'खातरी करणे' असे शब्द योजले आहेत. भाषांतर करणाऱ्याला हे क्रियापद सहजासहजी सोडत नाही. 'रागावणे' म्हटले तर अर्थापेक्षा अधिक होते, 'सांगणे' म्हटले तर उणे पडते. जे झाकलेले आहे ते उजेडात ठेवून ज्याचे त्याला पटवणे, असा त्याचा आशय इफिस. ५:१३ वरून दिसतो. आवाज चढवण्याचा अर्थ त्या शब्दात अंगभूत नाही.

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातील कामगाराला हे कोशावाचून कळेल. तुमकूर रस्त्यालगतच्या या वसाहतीत हजारो लहानमोठे कारखाने आहेत. यंत्रावर पाडलेले भोक गेज लावून तपासतात, तेव्हा 'गो' टोक आत गेले पाहिजे, 'नो-गो' टोक जाता कामा नये. गेज कोणाला शिवी देत नाही, आणि कोणाच्या वशिल्याने मापही बदलत नाही. दुपारच्या सुट्टीत हाच कामगार एखाद्या 'दर्शिनी'त उभ्याउभ्या इडली-वडा खातो. १९८० च्या दशकात बंगळुरात रुजलेल्या या उपाहारगृहांत डोसा बहुधा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत तव्यावर पडतो. दर्शिनी या नावातच दाखवणे आहे. भटारखान्याचे दार जेथे रोज उघडे असते, तेथे बाहेरच्या कोणी येऊन फ्रीज उघडण्याची पाळी क्वचितच येते.

मात्र रॅम्झीची रीत ती प्रभूची रीत नव्हे. त्याच्या मागे कॅमेरा आहे. मालकाचा अपमान हाच कार्यक्रमाचा माल आहे. प्रभू येशूने घालून दिलेली पहिली पायरी म्हणजे दोघेच, एकान्तात. दुसरीला एक-दोघे, आणि मंडळी त्यानंतर. हेतूही तेथेच सांगितला आहे : भाऊ परत मिळावा.

मग अंत्युखियात पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष का बोलावे? तो प्रसंगही जेवणाच्या मेजावरचाच होता. परराष्ट्रीयांबरोबर जेवणारा पेत्र याकोबाकडील माणसे येताच मेजावरून दूर झाला, आणि त्याचे पाहून बर्णबासुद्धा ओढला गेला. जे सर्वांदेखत घडले, ज्याने इतरांना वाट चुकवली, त्याची दुरुस्ती सर्वांदेखत होणे भाग होते. वडिलांविषयी १ तीमथ्य ५:२० मध्ये हाच नियम आहे. खासगी अपराध चव्हाट्यावर नेणे आणि पुढाऱ्याचा उघड अपराध बंद खोलीत मिटवणे, या दोन्ही चुका आपण करतो. माझ्या मते दुसरी अधिक.

आणखी एक गोष्ट. कॅमेरे गेल्यानंतर रॅम्झीने सावरलेली पुष्कळ उपाहारगृहे पुढे बंदच पडली. नाथान संदेष्ट्याने मात्र दावीदाला दोष दाखवून राजवाड्याकडे पाठ फिरवली नाही. शलमोन जन्मला तेव्हा देवाने दिलेले यदीद्या हे नाव घेऊन नाथानच आला (२ शमुवेल १२:२५), आणि दावीदाच्या उतारवयात राज्यावर संकट आले तेव्हाही तोच पुढे झाला (१ राजे १). बंगळुरातच १९५७ साली याची एक लौकिक उपमा मिळते. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसे बंद करण्याचे ठरवले, तेव्हा कामावरून कमी होणाऱ्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या साहाय्याने सहकारी संस्था उभारल्या. बंगळूरची संस्था त्यांतील पहिली. वाढपी आणि आचारी यांनीच ती उपाहारगृहे अंगावर घेतली.

२ तीमथ्य ४:२ मध्ये दोष दाखवण्याच्या आज्ञेला सहनशीलता आणि शिक्षण यांची जोड आहे. आपल्या मंडळ्यांत काय चालते? जमिनीचे व्यवहार, न तपासलेले हिशेब, समितीच्या निवडणुका यांची चर्चा उपासनेनंतर आवारात दबक्या आवाजात होते, नाहीतर वकिलामार्फत न्यायालयात (१ करिंथ. ६:१-८ पाहा). मधल्या पायऱ्या ओस पडल्या आहेत. खजिनदाराच्या घरी एकटा जाऊन 'भाऊ, ही पावती मला दाखवाल का?' असे विचारणारा सभासद विरळा. आणि विचारलेच, तर तो आपल्यावर विश्वास ठेवत नाही म्हणून वर्षभर अबोला धरणारा खजिनदारही आपल्या परिचयाचा आहे.

गटात चर्चेसाठी : आपल्या मंडळीचे हिशेब कोणत्याही सभासदाला कोणत्या दिवशी पाहता येतात? मत्तय १८ मधील पहिली पायरी आपल्यापैकी कोणी अलीकडे चढली आहे काय, आणि त्यानंतर त्या भावाकडे पुन्हा कितीदा जाणे झाले?