नखे काय सांगतात?

लहानपणी उडत्या बगळ्यांकडे आपण सर्वांनीच नखांवर फुले मागितली असतील. नखावर पांढरा ठिपका उमटला की बगळा पावला! हे ठिपके बहुधा नखाच्या मुळाशी बसलेल्या किरकोळ माराचे असतात, हे कॉलेजात आल्यावर वाचले आणि थोडा हिरमोडच झाला.

परंतु नखे खरोखरच काही सांगतात. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. मुळापासून टोकाशी यायला त्याला सहाएक महिने लागतात. त्यामुळे शरीरात घडलेली गोष्ट नखावर उशिरा दिसते. मोठ्या आजारानंतर पडलेली आडवी खाच नखाबरोबर हळूहळू पुढे सरकते.

आपल्याच राज्यातील उदाहरण घ्या. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस मुठीने गळू लागले. आधी संशय पाण्यावर गेला. एप्रिल २०२५ मध्ये त्यांतल्याच काहींची नखे वेडीवाकडी होऊन गळू लागली. विंचूदंशावरील संशोधनामुळे कोकणाला ठाऊक असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखविले. नखे केसांमागून काही महिन्यांनी गेली, याचे वरील हिशेब पाहता नवल वाटत नाही.

एक परीक्षा घरीही करता येते. दोन्ही तर्जन्यांची नखे पाठीला पाठ लावून धरावीत. मध्ये शंकरपाळ्यासारखी फट दिसते. ती बुजलेली असेल तर छाती व हृदय तपासून घ्यावे. दक्षिण आफ्रिकेतील हृदयरोगतज्ज्ञ शॅम्रॉथ यांनी १९७६ साली ही खूण स्वतःच्याच बोटांवरून सांगितली.

माझी आई कोळंबी सोलायला जाते. तिची नखे खोलगट झाली होती, पाण्याचा थेंब ठेवला तर ओघळू नये इतकी. आम्ही म्हणायचो, बर्फात नि खाऱ्या पाण्यात हात असतात, होणारच. तसेही होऊ शकते. डॉक्टरांनी मात्र तिची पापणी खाली ओढून पाहिली आणि रक्त तपासायला लावले. हिमोग्लोबिन ७ निघाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यांतली एक आमच्याच चुलीपाशी बसली होती. चढ चढताना दम लागतो हे ती बोलली नाही, आणि विचारायचे आम्हा कुणाला सुचले नाही. मलाही नाही.

लोहाच्या गोळ्या सुरू होऊन तीन महिने झाले. नखाचे मूळ आता सपाट येते आहे. टोक अजून खोलगटच आहे.