अ‍ॅक्वेरियममधील जलवनस्पती: प्रकाश किती आणि केव्हा?

शोभिवंत मत्स्यपालनास पूरक म्हणून शेडनेटखाली जलवनस्पतींची रोपे वाढविणाऱ्या उत्पादकांना एक तक्रार वारंवार ऐकावी लागते. रोपवाटिकेत टवटवीत दिसणारे रोप ग्राहकाच्या टाकीत गेल्यावर पंधरवड्यात पाने गाळते. दोष बहुधा पाण्याला किंवा खताला दिला जातो. अनेकदा खरे कारण प्रकाशात असते. मात्र ‘प्रकाश कमी पडला’ इतके ते सरळ नसते.

शालेय विज्ञानातील हायड्रिलाचा प्रयोग येथे उपयोगी पडतो. हायड्रिलाची ताजी फांदी, कापलेले टोक वर ठेवून, पाण्याने भरलेल्या काचपात्रात बुडवावी व समोर लहान एलईडी दिवा ठेवावा. तापणारा दिवा वापरू नये, कारण पाणी गरम झाल्यास निष्कर्ष चुकतो. टोकातून मिनिटाला किती बुडबुडे निघतात ते मोजावे. दिवा ६० सेंमीवरून ३० सेंमीवर आणल्यास प्रकाश सुमारे चौपट होतो व बुडबुडे वाढतात. दिवा आणखी जवळ आणत गेल्यास मात्र एका टप्प्यानंतर ही वाढ थांबते. आता पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवावा. थोड्या वेळाने बुडबुडे पुन्हा वाढू लागतात, कारण सोड्यातील बायकार्बोनेटमधून हायड्रिला कर्ब घेऊ शकते. अर्थात, वाढ अडली होती ती कर्बाअभावी. शेतकरी मेळाव्यात हा प्रयोग सहज दाखविता येतो आणि कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक पटतो.

कार्बन डायऑक्साइड हवेच्या तुलनेत पाण्यात सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. त्यामुळे टाकीतील वनस्पतीला प्रकाशाआधी बहुधा कर्बच अपुरा पडतो. अशा टाकीत अधिक प्रखर दिवा बसविला, तर वनस्पतीला न वापरता आलेल्या प्रकाशाचा लाभ शेवाळाला होतो. पानांच्या कडांवर काळपट केसांसारखे किंवा काचेवर हिरवे शेवाळ दिसू लागल्यास खताची मात्रा बदलण्याआधी दिव्याचे तास कमी करून पाहावेत. नव्या टाकीत सहा तास व रोपे रुजल्यावर आठ तास प्रकाश सामान्यतः पुरेसा होतो.

दुसरे टोकही लक्षात घ्यावे. वनस्पतीचे श्वसन दिवसरात्र चालू असते. प्रकाशसंश्लेषणातून मिळणारे अन्न श्वसनात खर्च होणाऱ्या अन्नाइतकेच असेल, तर वाढ शून्य राहते. प्रकाश त्या पातळीखाली असल्यास दिवा चौदा तास लावूनही तूट भरून निघत नाही. खोडवर्गीय वनस्पतींत ही उपासमार लवकर ओळखता येते: पेरे लांबतात, खालची पाने गळतात आणि शेंडा तेवढा पृष्ठभागाकडे धावतो. अनुबियास व जावा फर्न यांची वाढ मुळातच मंद असते, म्हणून अल्प प्रकाशातही ती तग धरतात. उलट प्रखर प्रकाशात त्यांच्या दीर्घायुषी पानांवर शेवाळ चढते. पश्चिम घाटातील रोटाला मॅक्रँड्राचा लाल रंग मात्र भरपूर प्रकाशाशिवाय खुलत नाही. ग्राहकाच्या टाकीवर साधा दिवा असेल, तर त्याला ही वनस्पती न विकणेच शहाणपणाचे ठरते.

आता रोपवाटिकेकडे वळू. भर दुपारी उघड्यावर प्रकाश सुमारे एक लाख लक्स असतो. ७५ टक्के सावलीच्या जाळीखालीही पंचवीस हजार लक्स उरतो. घरगुती टाकीच्या तळाशी मात्र तो अनेकदा दोन-तीन हजार लक्सच असतो. शिवाय बहुतेक रोपवाटिकांत ही रोपे पाण्याबाहेर, दमट हवेत वाढविली जातात. तेथे कर्ब मुबलक असतो आणि पाने जाड होतात. पाण्याखाली ही पाने फार काळ काम देत नाहीत. पातळ, नवी पाने फुटेपर्यंत रोपाला साठविलेल्या अन्नावर जगावे लागते. क्रिप्टोकोरायनमध्ये तर असा अचानक बदल झाल्यास सगळी पाने विरघळल्यासारखी कुजतात. मूळ व कंद शाबूत असल्यास नवे फुटवे येतात, परंतु तोवर ग्राहकाने रोप फेकून दिलेले असते.

म्हणून विक्रीपूर्वी रोपे दोन-तीन आठवडे अधिक सावलीत, शक्य तेथे पाण्याखाली ठेवावीत. प्रकाश एकदम न घटविता आधी एका जाळीवर दुसरी जाळी पसरावी व त्यानंतर रोपे टाकीत न्यावीत. पाण्याखाली फुटलेली पाने असलेले रोप दिसायला किरकोळ असते आणि त्याची हाताळणीही जपून करावी लागते, तरीही त्याला थोडा अधिक दर मागणे रास्त आहे. फरक समजावा म्हणून दुकानदाराला दोन्ही प्रकारची रोपे शेजारी ठेवून दाखवावीत.

जाळीचे नियोजन वर्षभर एकच ठेवू नये. कोकण, केरळ किंवा आसामात पावसाळी ढगांमुळे प्रकाश आधीच फार घटतो. तेथे जून ते सप्टेंबर दुहेरी जाळी काढावी व जाळीवर साचलेले शेवाळ धुवून टाकावे. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या उन्हाळ्यात जाळी उष्णता कमी करते, परंतु आर्द्रता राखण्यासाठी फवारे लागतातच. लक्समापक मानवी डोळ्याला जाणवणारा उजेड मोजतो, वनस्पतीला उपयोगी पडणारा नेमका प्रकाश मोजत नाही. तरीही एकाच जागेची रोज दुपारी बारा वाजता घेतलेली नोंद जाळी केव्हा बदलायची हे ठरविण्यास पुरेशी असते.