चेहऱ्यावरचे केस

बायांनो, आजचा धडा जरा नाजूक गोष्टीचा आहे. या गोष्टीवर कोणी चारचौघांत बोलत नाही. बोलत नाहीत म्हणूनच लिहावे लागते. पुरुषांनीही हा धडा वाचावा. लेक, बहीण, बायको कोणाच्या घरात नाही?

मी मॅट्रिक झालेला मास्तर. डॉक्टर नव्हे. पण माझ्या भाचीसाठी मी दोन वर्षे डॉक्टरांच्या दारात बसलो. तिथे जे ऐकले, विचारले, डोळ्यांनी पाहिले, ते सांगतो.

माझी भाची बावीस वर्षांची होती. कामाला चलाख. बोलायला गोड. पण तिच्या हनुवटीवर आणि ओठांच्या वर काळे केस येत. रोज पहाटे सगळे उठायच्या आत ती आरसा घेऊन न्हाणीत जाई. चिमट्याने एकेक केस उपटी. उपटून उपटून हनुवटीवर काळे डाग पडले. पुटकुळ्या आल्या. मग ती पदराचे टोक तोंडाशी धरूनच बोलू लागली. बघण्याचा कार्यक्रम ठरला की दोन दिवस जेवत नसे.

एकदा पाहुणे आले. त्यांतल्या एका बाईने हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले, "पोरगी आहे का पोरगा?" त्या दिवशी पोरगी मळ्यातल्या विहिरीकडे गेली. माझी बहीण तिच्या मागे धावली म्हणून बरे. केस एवढेसे, पण त्यापायी केवढा प्रसंग आला होता, बघा.

मग गावातल्या बायांचे सल्ले सुरू झाले. कोणी म्हणाले, हळद आणि डाळीचे पीठ चोळा. त्याने कातडी साफ होते, थोडी लव निघते, पण मूळ जात नाही. कोणी हरताळ आणि चुना सांगितला. हा उपाय फार जुना आहे. पण हरताळात सोमल असतो. सोमल हे विष आहे. चुना कातडी भाजतो. हे तोंडाला कधी लावू नका.

बहिणीने शेवटी आपल्या पाटल्या मोडल्या. शहरात एका दुकानावर पाटी होती: "एका दिवसात केस कायमचे गायब." तिथे एका पोराने भाचीच्या तोंडावर लेझरचे यंत्र फिरवले. तो डॉक्टर आहे का, हे कोणी विचारले नाही. कुठे थोडेसे करूनही पाहिले नाही. पोरगी महिनाभर उन्हात कापूस वेचून आलेली. चेहरा रापलेला. संध्याकाळी गालावर फोड आले. फोड गेले, पण रुपयाएवढे दोन काळे डाग राहिले. केस महिन्याभरात परत आले. पैसेही गेले.

बहीण माझ्याकडे आली. म्हणाली, "दादा, आता तूच काहीतरी बघ."

मी भाचीला जिल्ह्याच्या गावी मोठ्या सरकारी रुग्णालयात नेले. तिथे कातडीचा वेगळा विभाग होता. डॉक्टरीणबाईंनी डाग पाहिले. मग त्यांनी पहिला प्रश्न केसांचा विचारलाच नाही. त्या म्हणाल्या, "बाळ, पाळी महिन्याच्या महिन्याला येते का?"

मी उठून बाहेर जाऊ लागलो. बाई म्हणाल्या, "बसा मास्तर. तुम्ही तिचे मामा. तुम्हालाही कळू द्या." मी बसलो. भाची खाली बघत म्हणाली, "तीन-तीन महिने येत नाही." ही गोष्ट तिने आईलाही सांगितली नव्हती.

आता केस आणि पाळी यांचा काय संबंध? ऐका.

आपल्या अंगात काही गाठी आहेत. त्यांतून रस निघून रक्तात मिसळतात. डॉक्टर त्यांना हार्मोन म्हणतात. पुस्तकात संप्रेरक असा शब्द आहे. पुरुषाला दाढी-मिशा येतात त्या अशाच एका रसामुळे. तो रस बाईच्या अंगातही असतो, पण थोडा. तो वाढला, की हनुवटी, ओठ, छाती, पोट इथली बारीक लव काळी आणि जाड होऊ लागते. कधी रस बेताचाच असतो, पण केसांची मुळेच त्याला लवकर भुलतात. हे काही घराण्यांत असते. आजीला, आईला, मावशीला असते. यात कोणाचे पाप नाही.

रस वाढण्याचे सगळ्यांत नेहमीचे कारण एक आहे. बाईच्या ओटीपोटात दोन बीजकोश असतात. त्यांचे काम बिघडते. बीज वेळेवर सुटत नाही. पाळी लांबते. वजन वाढते. तोंडावर मुरमे येतात, केस येतात. १९३५ साली अमेरिकेत शिकागो शहरात स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी या दुखण्याचे नीट वर्णन केले. आज त्याला पी.सी.ओ.एस. म्हणतात. पोरे होण्याच्या वयातल्या शंभर बायांत दहाच्या आसपास बायांना हे असते. म्हणजे आपल्या गावात भाची एकटी नव्हती. एकटी आहे असे तिला वाटत होते, इतकेच.

याकडे दुर्लक्ष करू नये. पुढे मधुमेह होऊ शकतो. दिवस राहायला अडचण येते. केस ही नुसती खूण आहे. घरातून धूर आला तर आपण धूर पुसत बसत नाही. आत काय जळते ते बघतो.

काही औषधांनीही असे केस येतात. फिट्स येऊ नयेत म्हणून घेतात त्यांतल्या एका गोळीने येतात. स्टेरॉइड फार दिवस घेतल्याने येतात. मात्र केस एकाएकी, दोन-चार महिन्यांत वाढले, आवाज घोगरा झाला, कपाळाच्या कडेला टक्कल पडू लागले, तर एक दिवसही थांबू नका. क्वचित पोटातल्या गाठीमुळे असे होते. ती लवकर सापडलेली बरी.

भाचीचे रक्त तपासले. सोनोग्राफी झाली. पी.सी.ओ.एस. निघाला. बाईंनी पाळी नीट येण्याच्या गोळ्या दिल्या. वजन कमी करायला सांगितले. आणि बजावले, "गोळ्यांचा गुण केसांवर दिसायला सहा महिने लागतात. आलेले केस गोळीने गळत नाहीत. नवे जाड होत नाहीत." यांतल्या काही गोळ्या गरोदरपणी चालत नाहीत. म्हणून शेजारणीच्या चिठ्ठीवर औषध आणू नये.

आता आलेल्या केसांचे काय करायचे?

एक काम करा. डोक्याचा एक केस उपटून उजेडात धरा. टोकाला बारीक पांढरी गाठ दिसेल. ती मुळाची. पण खरे मूळ कातडीत राहिले. तिथे रक्त येते, तिथून नवा केस निघतो. शेतातला लव्हाळा कसा असतो? वरून उपटला की पात हाती येते. गाठ खाली राहते. पाऊस पडला की पुन्हा हिरवागार. चिमटा, दोरा, मेण यांनी केस उपटला तरी तो परत येतो तो असा. केस जाळायच्या क्रीमने तर वरचाच केस विरघळतो.

आणि वस्तऱ्याचे? भाची म्हणाली, "मामा, वस्तरा लावला तर दाढी येईल की!" हा समज सगळीकडे आहे, अगदी मलाही होता. पण तो खोटा आहे. ज्वारी कापली की धसकट पायाला टोचते. म्हणून धसकट काही ज्वारीपेक्षा जाड झाले नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून हाताला खरखरीत लागते. अमेरिकेत सेंट लुईस शहरात मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या विदुषी होत्या. त्यांनी १९२८ साली दाढी करणाऱ्या पुरुषांचे केस मोजून पाहिले. वस्तऱ्याने केस जाड होत नाहीत, भराभर वाढतही नाहीत, असे त्यांना दिसले.

मूळच मारायचा पहिला खरा उपाय त्याच सेंट लुईसचा. १८७५ साली चार्ल्स मिशेल नावाचे डोळ्यांचे डॉक्टर तिथे होते. काही रोग्यांच्या पापणीचे केस आत वळतात आणि बुबुळाला टोचतात. उपटले तरी परत येतात. मिशेल यांनी बारीक सुई केसाच्या कडेने मुळापर्यंत घातली आणि तीतून थोडी वीज सोडली. आपल्या कातडीत मीठपाणी असते. विजेने त्या मीठपाण्यातून मुळाशी कॉस्टिक सोडा तयार होतो. साबणात घालतात तोच. तो मूळ जाळतो. मूळ मेले, की तो केस पुन्हा येत नाही. या उपायाला इलेक्ट्रोलिसिस म्हणतात. केस कायमचा जातो असे जिथे खात्रीने म्हणता येते, तो हा उपाय. केस काळा असो, पांढरा असो, चालतो. पण एकेका केसाला सुई घालावी लागते. चिकाटीचे काम आहे. वर्ष-दीड वर्षही लागते. सुई दर माणसाला नवी, निर्जंतुक हवी. इंजेक्शनच्या सुईबाबत जे पाहता, तेच इथे पाहा.

मधल्या काळात लोकांनी घातक उपायही केले. १८९६ साली व्हिएन्ना शहरात लिओपोल्ड फ्रॉइंड या डॉक्टरांनी क्ष-किरणांनी एका लहान मुलीच्या पाठीवरचे केस घालवले. केस गेले, पुढे तिथे जखमा झाल्या. तरीही १९२० नंतर अमेरिकेत बायकांच्या तोंडावर क्ष-किरण सोडायची दुकानेच निघाली. दुखत नाही, वास नाही, केस गळतात. बायका खूश. वर्षांनी कातडी सुरकुतली, व्रण पडले, कित्येकींना कॅन्सर झाला. १९३० च्या सुमारास तिकडे एक क्रीम निघाले. त्यात थॅलियम होते, म्हणजे उंदीर मारायचे विष. डोक्याचे केस गेले, पाय लुळे पडले. लाज माणसाला कुठे नेते! दुकानदाराला ते बरोबर ठाऊक असते.

आता लेझर. भर उन्हात काळे घोंगडे तापते, पांढरे धोतर तेवढे तापत नाही. लेझर म्हणजे एकाच रंगाचा जोरकस उजेड. काळा केस तो शोषतो, तापतो, मूळ भाजते. म्हणून पिकलेल्या पांढऱ्या केसावर लेझरचा उपयोग नाही. आणि आपली कातडीही सावळी. तीही उजेड शोषते. यंत्र चुकीचे किंवा जोर जास्त झाला की भाजते. भाचीचे तेच झाले होते. सावळ्या कातडीसाठी एनडी-याग नावाचे लेझर जास्त सुरक्षित असते. त्याचा उजेड खोल जातो, वरच्या कातडीत कमी अडकतो.

एका बैठकीत काम होत नाही. सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत. काही वाढतात, काही झोपलेले असतात. झोपलेल्यांना लेझर लागत नाही. म्हणून चार ते सहा आठवड्यांनी एक, अशा सहा-आठ बैठका लागतात. लेझरने केस पुष्कळ कमी होतात, बारीक होतात. सगळे आणि कायमचे जातात असे नाही. चेहऱ्यावर तर मधूनमधून पुन्हा बैठक घ्यावी लागते. कधी क्वचित उलटे होऊन शेजारचे केस वाढतात. म्हणून "एका दिवसात कायमचे" ही पाटी दिसली की पायात चपला घालाव्या.

डॉक्टर त्वचारोगाची पदवी घेतलेला आहे का, हे विचारा. विचारायला लाजू नका, बैल घेताना आपण दात बघतोच. आधी कानामागे थोडेसे करून पाहा म्हणावे. सगळ्या बैठकांचा खर्च आधी कागदावर लिहून घ्यावा. बैठकीच्या आधी महिनाभर चिमटा, दोरा, मेण बंद ठेवायचे असते, कारण मूळ जागेवर हवे. वस्तरा चालतो. ऊन मात्र टाळायचे. शेतात राबणाऱ्या बाईला हे सांगणे सोपे, करणे अवघड. भाचीने बैठका कापूस वेचून झाल्यावर धरल्या. शेतात जाताना तोंडाला फडके बांधी, पदर पुढे ओढी, डॉक्टरांनी दिलेले मलम लावी. दिवस असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे. गरोदरपणी हे काम पुढे ढकलतात.

भाचीचे गालावरचे डाग फिके व्हायला वर्ष गेले. पाळी सुधारली. वजन सात किलो उतरले. हनुवटीवरचे केस पुष्कळ कमी झाले. राहिलेले सात-आठ चिवट केस सुईने काढले. वर्षातून एकदा तिला अजूनही जावे लागते. पण पहाटेचा आरसा सुटला. लग्न झाले. लग्नाआधी तिने मुलाला सगळे स्वतः सांगितले. गोळ्यासुद्धा दाखवल्या. मुलगा म्हणाला, "माझ्या आईच्या हनुवटीवरही आहेत."

पाळी गेल्यावर बऱ्याच बायांना हनुवटीवर चार-दोन केस येतात. बहिणीलाही आले आहेत. मी म्हटले, "चल, तुझेही दाखवून येऊ." ती हसली. म्हणाली, "पांढरे झाले रे ते. लेझरला दिसायचे नाहीत. मला माझा चिमटाच बरा. पण डॉक्टरीणबाईंना भेटायला येते मी. भाकरी आणि ठेचा न्यायचा आहे."