हिस्ट्री म्हणजे निदान नव्हे

बीएस्सी किंवा बी. फार्म. झालं की अक्कलकोटची बरीच मुलं मेडिकल कोडिंग, म्हणजे अमेरिकेतल्या विमा क्लेमसाठी पेशंटच्या आजारांना ठरलेले कोड लावण्याचं काम, शिकायला सोलापूर, पुणे गाठतात. मीही तसाच गेलो. आमच्या क्लासचा मंत्र होता, ‘हिस्ट्रीत आजार दिसला की कोड टाका’. सरावाला खऱ्या पेशंटच्या फाइलींचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर यायचे, तेही नाव आणि मोबाइल नंबरसकट. या दोन्ही सवयी नोकरीत महागात पडतात. चुकीच्या कोडवर अमेरिकेतली विमा कंपनी क्लेम परत पाठवते आणि ऑडिटमध्ये तुमची अचूकता घसरते.

मी नव्या मुलांना देतो तो काल्पनिक पेशंट घ्या. बाई, वय ६२. तीन वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं (स्ट्रोक), आता हातपाय ठणठणीत. तरुणपणी टीबी, कोर्स पूर्ण. टाइप २ डायबेटिस, इन्सुलिन चालू. बीपी. किडनीचा जुनाट आजार, टप्पा तीन. आज ओपीडीत खोकल्यासाठी आल्या. डॉक्टरांचा शेरा: न्यूमोनियाची शंका, एक्स-रे काढा.

पाठांतरवाला धडाधड स्ट्रोक, टीबी, न्यूमोनिया लावून मोकळा होतो. तिन्ही चूक. ओपीडीत शंकेला कोड नाही, लक्षणाला आहे. म्हणून आधी खोकला, आर ०५.९. स्ट्रोक होऊन गेला, मागे काही उरलं नाही, म्हणून झेड ८६.७३. हात लुळा राहिला असता तर आय ६९ची मालिका. बरा झालेला टीबी झेड ८६.११. शुगर, बीपी आणि किडनी एकत्र असली आणि डॉक्टरांनी वेगळं कारण लिहिलं नसेल, तर नियमच त्यांचा संबंध धरतो: ई ११.२२, आय १२.९, सोबत एन १८.३०. इथे बीपीचा साधा आय १० चालत नाही. इन्सुलिनसाठी झेड ७९.४.

नुसत्या गोळीवरून आजार ठरवू नका. यादीत मेटफॉर्मिन आहे, पण डायबेटिस कुठेच लिहिलेला नाही, तर डॉक्टरांना लेखी विचारा. झेरॉक्सची जुनी पुस्तकं टाळा. आजारांच्या या कोडची अमेरिकी यादी, आयसीडी-१०-सीएम, दर १ ऑक्टोबरला बदलते. खोकल्याचा नुसता आर ०५ ऑक्टोबर २०२१ पासून चालत नाही. ओपीडी आणि ॲडमिट पेशंटचे नियमही वेगळे: डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी ‘बहुधा न्यूमोनिया’ लिहिलं, तर तिथे तो कोड लागतो.

सरावाला शेजारच्या काकूंची फाइल मागू नका. केस स्वतः रचा. खरी फाइल वापरायचीच तर संमती घ्या आणि नाव, नंबर, आधार, केसपेपर क्रमांक आधी खोडा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडेही २०२३ साली झाला आहे.

फी भरण्याआधी क्लासवाल्यांसमोर वरची केस ठेवा. प्रत्येक कोडमागचा नियम पुस्तकात बोट ठेवून दाखवला, तरच पैसे मोजा.