जुनी जीप घ्यायचीच, तर आधी हे ऐक

फोटो बघितले गं. ते उंच बॉनेट म्हणजे सीजे-थ्रीबीच. विलिसने ती 1953 मध्ये आणली, तेव्हा नवं हरिकेन इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून नाक वर गेलं. पुढे आपल्या महिंद्राने ती वर्षानुवर्षं बनवली. मलाही ते नाक फार आवडतं. पण त्यावर भाळून लगेच इसार देऊ नकोस.

आधी आरसी माग. चासीवर ठोकलेला नंबर तिच्याशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. तिथे हमखास चिखल-ग्रीसचा थर असतो, म्हणून रॉकेलचा बोळा आणि तारेचा ब्रश घेऊन जा. कितीतरी जुन्या जीपचं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेलं असतं. ते आरसीवर चढवलेलं नसेल, तर गाडी कितीही गोड चालू दे, तू नाही म्हण. ‘व्हिंटेजमध्ये नोंदवून घ्या’ असं मालक सांगेल. 2021 च्या नियमांनी 50 वर्षं उलटलेल्या गाडीला तशी नोंदणी मिळते खरी, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसेल तरच. शिवाय ती रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. तुला तर दर सुट्टीला घाट चढायचाय, तेव्हा नेहमीची नोंदणी चालू असलेलीच बघ.

मग खिशातलं चुंबक काढ. जिथे ते पत्र्याला धरत नाही, तिथे रंगाखाली लांबी भरलीय. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, तिच्याखालचा पत्रा हाताने चाचप. चासीला स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघ, विशेषतः कमानपाटे जिथे अडकवलेले असतात तिथे. बॉडी नवी मिळते, पण सडलेल्या किंवा वाकलेल्या चासीवर पैसा घालू नकोस.

इंजिन जाम आहे म्हणून घाबरू नकोस. चांगला मिस्त्री ते उघडून बोअर करून देतो. खरी कटकट गायब भागांची. गिअरच्या दांड्याशेजारचे दोन छोटे दांडे, पुढचा प्रॉपेलर शाफ्ट, कार्ब्युरेटर, हे सगळं जागेवर हवं. सुटं करून पोत्यात भरलेलं असलं तरी चालेल, पण मोजून घे. रंगवून चकचकीत केलेल्या गाडीपेक्षा अशी गंजकी पण पूर्ण गाडी मी कधीही घेईन.

आणि जितक्याला गाडी घेशील, तितकेच पैसे दुरुस्तीसाठी बाजूला काढ. नसतील तर वर्षभर थांब. जायच्या आदल्या दिवशी मला फोन कर, मीही येते. इसाराचं त्यानंतर बघू.