मुरूम, मांजऱ्या, पाषाण

नांदुऱ्यात भूगोल शिकवताना खडकांच्या रूपांतराबद्दल जे पदरात पडलं, ते असं.

१. खडकचक्राची आकृती शेवटी काढावी. आधी काढली की मुलांना वाटतं, प्रत्येक दगड अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित असा शिस्तीत रांगेनेच जातो. तसं काही नसतं. अग्निजन्य खडक थेट रूपांतरित होऊ शकतो, रूपांतरित झालेला झिजून पुन्हा गाळ होऊ शकतो. आपला बेसॉल्ट तर सुमारे साडेसहा कोटी वर्षं बहुतेक ठिकाणी नुसता झिजतो आहे.

२. उन्हाळ्यात विहिरीचं काम निघालं की वर्ग तिकडे न्यावा. दक्षिणेला, अजिंठ्याच्या डोंगराकडच्या शिवारात. उत्तरेला पूर्णेकडे गेलात तर गाळच गाळ. पोरांना काठाशी जाऊ देऊ नये, बाहेरचा ढीग पुरतो. ढिगात सगळं उलटं असतं: शेवटी निघालेला पाषाण वर, आधी निघालेली काळी माती तळाशी. खणणाऱ्यांची नावं भूगोलाच्या पुस्तकापेक्षा बरी. पाषाण म्हणजे घट्ट बेसॉल्ट. मांजऱ्या म्हणजे वायूच्या बुडबुड्यांनी भोकं पडलेला लाव्हा. त्या भोकांत नंतर गरम पाण्याने पांढरी झिओलाइटं आणि गारगोट्या भरल्या. म्हणजे वर दाब फारसा नसतानाही दगडात बदल सुरू झाला होता. मुरूम हा झिजेतला मधला टप्पा. त्यातला एखादा गोल धोंडा हातात घेतला तर कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि मध्ये निळसर काळा, न झिजलेला गाभा निघतो. बाहेर तपकिरी रंग दिसतो तो गंजलेल्या लोहाचा. फेल्डस्पारची चिकणमाती होते, आणि ती उन्हात आकसली की शेताला भेगा पडतात. एका धोंड्यात एवढं सगळं असतं. प्रयोगशाळेतल्या नमुन्यांच्या पेटीत ते मिळत नाही.

३. दोन लाव्ह्यांच्या थरांमध्ये कधी तांबडा पट्टा दिसतो. खालचा लाव्हा थंड होऊन उघड्यावर झिजला, त्याची माती झाली आणि तिच्यावर पुढचा तप्त लाव्हा येऊन पसरला. असा पट्टा दिसला की पुढे जायची घाई करू नये.

४. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली सरांच्याच हातात असावी. शेतातल्या चुनखडीच्या खड्यावर थेंब टाकला की फसफसतं. ओट्याच्या कडप्प्याचा तुकडा आणि संगमरवराचा तुकडाही तसाच फसफसतो. तिघांतही कॅल्शियम कार्बोनेट. संगमरवराने मात्र उष्णता आणि दाब सोसलेला असतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडिंबरोच्या जेम्स हॉलने बंदुकीच्या नळीत चुनखडी कोंडून तापवली आणि संगमरवरासारखा दगड मिळवून दाखवला. हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही मान वर करतात. (घरच्या संगमरवरी ओट्यावर हा प्रयोग करू नये. लिंबानेसुद्धा त्याची चकाकी जाते.)

५. सहल काढायची तर लोणारलाच. खामगाव, मेहकर करत जाता येतं, आणि जिल्ह्यातच आहे. तिथे अशनी बेसॉल्टवर आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पडलं. आर्गॉन पद्धतीने त्याचं वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं येतं. डोंगराखाली दबून जे व्हायला लाखो वर्षं लागतात, तसलं काम तिथे क्षणात झालं. धक्क्याने फेल्डस्पार न वितळताच काचेसारखा झाला. त्या काचेचं नाव मॅस्केलिनाइट. ती पहिल्यांदा ओळखली गेली १८६५ साली बिहारात शेरघाटीला पडलेल्या उल्केत, आणि ती उल्का मंगळावरची असल्याचं आता मानलं जातं. लोणारचं सरोवर दाखवायला सगळेच नेतात, पण तिथला दगड फारसं कोणी दाखवत नाही. मात्र तो अभयारण्याचा भाग आहे, तिथून खडाही खिशात घालायचा नाही, हे बसमध्येच बजावून ठेवावं.

६. एका पोराने विचारलं होतं, "सर, मंग आपल्या मातीचा गोटा कवा होईन?" अशा प्रश्नाला गणित घालावं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी तापमान वाढतं. चिकणमातीचा पाटीचा दगड व्हायला २०० अंशांच्या वर हवं, म्हणजे निदान सहा-सात किलोमीटर खोल गाडलं जायला हवं. ज्ञानगंगेने पूर्णेत नेऊन टाकलेला गाळ खोल आहे खरा, पण तेवढा नाही. पोराने वहीत भागाकार केला आणि म्हणाला, "मंग यंदा कपाशी लावाले हरकत नाही."